खाडीचे पाय, घाटाची वाट

गोराईच्या जेट्टीवर 'उंची' हा शब्दच निरर्थक वाटतो. भरतीला बोट धक्क्याच्या बरोबरीने येते, ओहोटीला चांगली खाली बसते. दिवसभरात इथे चढउतार म्हणावा तो एवढाच. नकाशात डोंगरांची उंची ज्या समुद्रसपाटीपासून मोजतात, ती इथे तिवरांच्या मुळाशी चिखलासकट बघायला मिळते.

गोराई तशा दोन आहेत. खाडीच्या अलीकडची, बोरिवली पश्चिमेची, ती म्हाडाची गोराई. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने चारकोपसोबत ती आखली गेली: प्लॉट, रस्ता, पाणी सरकारने द्यायचं आणि घर ज्याचं त्याने बांधायचं. पलीकडचं गोराई गाव जुनं, धारावी बेटावरचं. (माहीमजवळच्या धारावीशी त्याचं नातं फक्त नावापुरतं.) तिथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी कुटुंबं, वाड्या, होड्या, सुकत घातलेली मासळी, आणि २००९ पासून या सगळ्यावर चमकणारा विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट. पहाटे पळणारी माणसं दोन्ही काठांवर दिसतात. कॉलनीतली सेक्टरांच्या रस्त्यांवर फेऱ्या मारतात, गावातली उत्तनच्या दिशेने निघतात. पाय मात्र दोघांचेही समुद्रसपाटीचे.

असे पाय गाडीत घातले, डोंगरावर नेले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांना शर्यतीत पळायला लावलं, तर नेमकं काय होतं? मुंबईच्या उपनगरांतून असा उद्योग करणारे आता थोडेथोडके राहिलेले नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत बायकामुलांना घेऊन महाबळेश्वरला जायचं, जाता जाता एखाद्या घाटात सकाळी दहा-बारा किलोमीटर पळून घ्यायचं, आणि पावसाळा सरता सरता त्याच घाटात छातीवर नंबर लावून परत यायचं. ज्यांची हौस आणि रजा दोन्ही मोठ्या, ते लडाखपर्यंत जातात.

प्रकार वाटतो तितका नवा नाही. १७३९च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. धारावी बेटही या मोहिमेच्या टापूत होतं. छत्रपती शाहू महाराज तेव्हा साताऱ्याला. खाडीकाठची खबर घाटावर पोचवायची ती घोडेस्वार, सांडणीस्वार आणि जासूद यांच्याकरवी. पेशवाईच्या पत्रांत 'जासूद जोडी' हा उल्लेख वारंवार येतो: पत्र घेऊन दोघं निघत, म्हणजे वाटेत एकाला काही झालं तरी दुसरा पुढे जाई. वसई ते सातारा ही वाट म्हणजे आधी दमट कोकण, मग सह्याद्रीची भिंत, मग कोरडा देश. जासुदाला ती पावलापावलाने भेटायची. डोंगर चढताना त्याचा श्वास, घाम, पोटऱ्या सगळं वाटेशी जुळवून घेत घेत वर जाई. आजची गाडी सहा-सात तासांत साताऱ्याला टेकते आणि शरीर मागून येतं. कधी एका रात्रीने मागून, तर कधी दहा दिवसांनी. या प्रकरणात जे काही आहे ते या मागे राहिलेल्या शरीराबद्दल.

गोराईच्या माणसाला डोंगराकडे जायला रस्ता शोधावा लागत नाही. गावातून निघालं तर गाडीला बोट नाही, तेव्हा उत्तन-भाईंदर असा वळसा. कॉलनीतून निघालं तर थेट बोरिवली-दहिसर. एकदा महामार्ग गाठला की तो राष्ट्रीय महामार्ग ४८. हा दिल्लीहून निघतो, जयपूर, उदयपूर, बडोदा, सुरत करत मुंबईच्या अंगाने पुण्याला चढतो आणि सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत चेन्नईला पोचतो. म्हणजे एकाच रस्त्यावर उत्तरेला तोंड केलं की वाट हिमालयाकडे जाते आणि दक्षिणेला केलं की सह्याद्रीत.

आधी दक्षिणेला जाऊ. घोडबंदर रोडवर गाडी किती वेळ अडकेल हे कुठलंही शास्त्र सांगू शकत नाही, म्हणून तो भाग सोडून देऊ. कळंबोलीला द्रुतगती मार्ग लागतो. ९४ किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता २००२ साली पुरता खुला झाला. खोपोलीनंतर बोरघाट सुरू होतो, आणि मागच्या सीटवरून हमखास एक आवाज येतो: "बाबा, मला गाडी लागतेय."

'गाडी लागणे' हा मराठीतला फार नेमका वाक्प्रचार आहे. ऊन लागावं, दृष्ट लागावी तशी गाडी लागते; म्हणजे दोष आपला नाही, बाहेरून काहीतरी येऊन चिकटलं. शरीरशास्त्र जवळपास हेच म्हणतं. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्या असतात. वळण, वेग, कल यांची खबर त्या मेंदूला देतात. घाटात कान सांगतो, 'आपण जोरात वळतोय'. डोळे मोबाइलच्या पडद्यावर असतील तर ते सांगतात, 'आपण जागच्या जागी आहोत'. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि शिक्षा पोटाला होते. ज्यांच्या कानातली ही यंत्रणा निकामी असते त्यांना गाडी लागत नाही. चालवणाऱ्यालाही सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू हुंगणं हे घरोघरचे उपाय आहेतच, पण पुढच्या सीटवर बसून लांबच्या रस्त्याकडे बघणं हा बिनखर्चाचा उपाय त्यांच्या आधीचा. शर्यतीला निघालेल्याने हे गमतीवारी नेऊ नये. आदल्या दिवशी दोन उलट्या झाल्या तर पाणी, मीठ आणि जेवण तिन्हींचा हिशेब बिघडतो आणि सकाळी सहाच्या आत तो जुळवायला वेळ नसतो.

दुसरी अडचण बसण्याची. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि पायातल्या शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. बसून राहिलं की हा पंप बंद. सहा तासांनी साताऱ्यात उतरल्यावर मोज्यांचा वळ पायावर उमटलेला दिसतो तो यामुळे. तेव्हा दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी आणि खाली उतरून चालावं. बटाटेवड्यापाशी उभं राहणं चालण्यात धरलं जात नाही.

पुण्याचा बाह्यवळण रस्ता, कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग खंबाटकी. इथे साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहनं बोगद्यातून येत आली आहेत आणि पुण्याहून जाणाऱ्यांच्या वाट्याला नागमोडी घाट. शर्यतीला निघालेला माणूस या घाटात काच खाली करतो, वारा अंगावर घेतो आणि पहिल्यांदाच मनाशी कबूल करतो की चढ म्हणजे हे.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. सातारा रनर्स फाउंडेशन ही स्थानिक संस्था ती भरवते. योगायोग असा की त्याच वर्षी युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांत शर्यतीच्या रस्त्यावर पुढे लागणारं कास पठारही होतं. शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावर जायचं आणि अर्ध्यातून वळून त्याच रस्त्याने खाली यायचं. अंतर २१.१ किलोमीटर. २०१५ साली एकाच डोंगरी शर्यतीत अडीच हजारांहून जास्त माणसं धावली म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. धुकं, भुरभुर पाऊस, घाटातल्या वळणावर ढोल-ताशे आणि लेझीम, रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणारी शाळकरी पोरं, असा सगळा थाट असतो. मुंबईत शर्यतीमुळे रस्ता बंद झाला की लोक हॉर्न वाजवतात. इथे घरचं कार्य असल्यासारखे बाहेर येतात.

मुंबईच्या धावपटूला चढ म्हणजे पेडर रोड. पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिशी ओलांडल्यावर तो येतो आणि त्याच्या नावाने वर्षभर उसासे टाकले जातात. यवतेश्वरच्या पहिल्या दोन वळणांत हा दरारा कायमचा उतरतो.

चढाची किंमत मोजता येते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरावलेल्या डोंगरी धावपटूंना ट्रेडमिलवर अगदी भिंतीसारख्या चढापासून तशाच उतारापर्यंत पळायला लावलं आणि ते किती प्राणवायू वापरतात ते मोजलं. त्यातून आलेल्या सूत्राने हिशेब केला तर शंभर मीटर अंतरात पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर दर मीटरला सपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त ऊर्जा लागते. दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर पासष्ट टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच उतारावर मात्र बचत होते ती साधारण चाळीस टक्के. म्हणजे चढाचं कर्ज उतार पुरतं फेडत नाही. 'जाताना चढ, येताना उतार, शेवटी बरोबरीच' असं म्हणत गोराईहून आलेला माणूस घड्याळात आपला नेहमीचा वेग पकडायला बघतो आणि पाचव्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून उभा राहतो. जाणते लोक घाटात घड्याळाकडे बघतच नाहीत. दोन शब्द बोलता येतील इतपत दम ठेवायचा, पावलं छोटी टाकायची आणि फार खडं आलं तर खुशाल चालायचं. ठरावीक खडेपणाच्या पुढे भराभर चालणं पळण्यापेक्षा स्वस्त पडतं, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

यात उंचीचा वाटा किती? साताऱ्यात जवळजवळ शून्य. शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आणि कास पठार बाराशेच्या. तिथे हवेचा दाब खाडीकाठच्या मानाने दहाएक टक्क्यांनी कमी असतो, पण निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. ढोबळ नियम असा की दीड हजार मीटरच्या पुढे दर शंभर मीटरला शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक टक्क्याने घटते. सातारा, पाचगणी, साडेतेराशे मीटरवरचं महाबळेश्वर ही सगळी या रेषेच्या खाली. सह्याद्री पायांना दमवतो, रक्ताला नाही. हिमालयात उलटं.

ही रेषा जगाला नीट दिसली ती १९६८ साली. ऑलिंपिक मेक्सिको सिटीत भरलं, उंची २,२४० मीटर. विरळ हवेचा अडथळा कमी, म्हणून कमी अंतराच्या शर्यती आणि उड्यांमध्ये विक्रमांचा पाऊस पडला. बॉब बीमनची ८.९० मीटरची लांब उडी तिथलीच. लांबच्या शर्यतींत मात्र हाल. दहा हजार मीटरचा विश्वविक्रम ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता, २७ मिनिटं ३९.४ सेकंद. केनियाच्या नाफ्ताली तेमूने सुवर्णपदक घेतलं ते २९ मिनिटं २७.४ सेकंदांत, म्हणजे विक्रमापेक्षा जवळपास दोन मिनिटं सावकाश. क्लार्क स्वतः सहावा आला आणि रेषेपाशी कोसळला, त्याला प्राणवायू द्यावा लागला. तेमू केनियाच्या डोंगराळ भागात वाढलेला होता, क्लार्क समुद्रकाठच्या मेलबर्नचा.

आता उत्तरेला वळू. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथेही हवेत प्राणवायूचं प्रमाण २१ टक्केच, हा भाग लोक चुकीचा समजतात. कमी होतो तो दाब. खाडीकाठच्या साधारण ६५ टक्के. त्यामुळे एका श्वासात तेवढीच हवा घेतली तरी प्राणवायूचे रेणू एक तृतीयांशाने कमी येतात. सोळाव्या शतकात लडाख आणि तिबेटवर स्वारी केलेल्या मिर्झा हैदर दुघलात याने 'तारीख-ए-रशीदी'त या आजाराचं वर्णन करून ठेवलं आहे. त्याने दिलेलं नाव 'दमगिरी'. फारसीतला 'दम' म्हणजे श्वास. आपण 'दम लागला' म्हणतो तेव्हा तोच शब्द वापरतो, फक्त मिर्झा हैदरच्या लोकांना तो बसल्या जागी लागत होता.

वर पोचल्या पोचल्या शरीर दोन गोष्टी करतं: श्वास वाढवतं आणि नाडी वाढवतं. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी जास्त होते, रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो आणि रक्त दाट होतं. मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडून नव्या तांबड्या पेशींची मागणी नोंदवतात, पण माल तयार व्हायला आठवडे लागतात. या मधल्या काळात डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. बहुतेकांचं एवढ्यावर निभावतं. काहींच्या फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठतं, आणि तेव्हा खाली उतरवणं हा पहिला आणि खात्रीचा उपाय. कोण धडधाकट, कोण रोज पळतो, याची विरळ हवा दखल घेत नाही. उलट रोज पळणारा माणूस पहिल्याच सकाळी बूट बांधून बाहेर पडतो, त्यामुळे धोका त्यालाच जास्त.

इथे मोटारीच्या प्रवासाला वेगळाच अर्थ येतो. मुंबईहून विमानाने लेहला जाणारा माणूस काही तासांत शून्यावरून साडेतीन हजारांवर जातो. म्हणून तिथे पहिले किमान ४८ तास विश्रांती घ्या, असं पर्यटकांना सांगितलं जातं. गाडीने जाणाऱ्यापुढे दोन वाटा. मनाली २,०५० मीटरवर. तिथून निघालं की २०२० साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून रोहतांग चुकवता येतो, मग केलाँग-जिस्पा, साधारण ३,१०० ते ३,२०० मीटर. पुढचा मुक्काम बहुतेक जण सरचूला करतात, सुमारे ४,३०० मीटरवर, आणि तिथे रात्रभर डोकं धरून बसतात. तीन हजार मीटरच्या पुढे रोज झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला. इथे ती एका दिवसात हजाराहून अधिक वाढते. श्रीनगरची वाट जास्त शहाणी आहे. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७०० च्या वर, मग झोजिला ओलांडून कारगिल परत २,७०० च्या आत, पुढे ४,१०८ मीटरची फोतू खिंड फक्त ओलांडायची आणि लेहला उतरायचं. खिंडी उंच, मुक्काम खाली. जासुदांच्या वाटेशी मिळतीजुळती अशी ही वाट, फक्त गाडी मुद्दाम हळू चालवावी लागते.

लडाख मॅरेथॉन ही सप्टेंबरातली, म्हणजे तिथल्या छोट्या उन्हाळ्याच्या अखेरीची शर्यत. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटीने झोडपलं. त्यानंतर २०१२ साली चेवांग मोटुप गोबा यांनी ती सुरू केली. तिच्यातली खार्दुंग ला चॅलेंज ७२ किलोमीटरची आहे: खिंडीपलीकडच्या खार्दुंग गावातून निघायचं, खिंड चढायची आणि लेहला उतरायचं. खिंडीवरच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट हा आकडा आणि जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता असल्याचा दावा झळकत असे. उपग्रहाच्या मोजणीत उंची भरली ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. पाटीने जवळपास आठशे फूट पदरचे घातले होते. पळणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. तिथे हवेचा दाब गोराईच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणूनच या लांब शर्यतींत उतरणाऱ्यांना बरेच दिवस आधी लेहला येऊन राहावं लागतं. नोकरदाराला रजेचा हा हिशेब प्रत्यक्ष चढापेक्षा अवघड जातो.

मग समुद्रकाठच्या माणसाकडे स्वतःचं असं काही आहे का? आहे. मे महिना.

गोराईत मे महिन्यात सकाळी सातलाच बनियन पिळून काढावी लागते. हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. अशा हवेत रोज तासभर, बेताने, दहा ते चौदा दिवस पळलं की शरीर बदलतं. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि मुख्य म्हणजे रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. २०१० साली ऑरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा कसलेल्या सायकलपटूंना दहा दिवस ४० अंश तापमानात व्यायाम करायला लावला. नंतर थंड खोलीत चाचणी घेतली तर तिथेही त्यांची कामगिरी सुमारे सहा टक्क्यांनी सुधारलेली निघाली. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतका फायदा दिसला नाही, आणि मे महिन्यात कमावलेलं पुढच्या काही आठवड्यांत ओसरतंही. सप्टेंबरपर्यंत ते टिकवायचं तर दमट हवेतलं पळणं चालू ठेवावं लागतं. शिवाय उन्हाने रक्त पातळ होतं आणि उंचीने दाट, तेव्हा गोराईचा घाम हा लेहचा परवाना नव्हे. साताऱ्यासाठी मात्र तो चांगलाच कामी येतो. धुक्यात, वीस-बावीस अंशांत घाट चढताना मुंबईकराला एकदम अंग हलकं वाटतं ते उगीच नाही.

घामाबरोबर मिठाचं बघावं लागतं, आणि नुसतं पाणी ढोसण्याचाही धोका असतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा कमी निघालं. त्यांतल्या अनेकांचं वजन शर्यतीत कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं, इतकं पाणी ते प्यायले होते. मीठ-साखरेचं लिंबूपाणी, कोकम सरबत, भाताची मीठ घातलेली पेज या घरातल्या गोष्टी. तहान लागेल तेवढ्याच घ्याव्यात. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र पळून झाल्यावर. दुधातली चरबी पोटात रेंगाळते आणि घाटात पेढा आठवत राहतो.

महाराष्ट्रातल्या एका धावपटूने ही दोन्ही टोकं नोकरीतच अनुभवली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, सियाचीनच्या थंडीत राहिला, राजस्थानच्या उन्हातही राहिला, आणि पळायला लागला तो त्यानंतर. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक घेतलं. उंचीवरच्या सरावासाठी तो उटी आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहिला आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर याच शर्यतीत २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली होती. माण हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला दुष्काळी मुलूख. सातारा म्हटलं की सगळीकडे धुकं आणि फुलं नसतात.

गोराईकराला एवढं लांब जायची गरज नाही. बोरिवलीतच शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता शेवटी चांगला चढतो. उपनगरातले धावपटू घाटाची तालीम इथे करतात. बहुतेकांचं लक्ष चढाकडे असतं. खरा फायदा उतरण्याच्या सरावाचा.

कारण असं. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना त्याला ताणलं जात असताना ब्रेक लावायचा असतो. हा ताण पेशींमध्ये सूक्ष्म चिरा पाडतो. दम लागत नाही, घड्याळात वेग सुंदर दिसतो, यवतेश्वरहून खाली येताना माणूस खूश असतो आणि दुखणं कुठेच नसतं. ते चोवीस तासांनी उगवतं आणि दोन ते तीन दिवसांत टोकाला जातं. ज्याने आधीच्या काही आठवड्यांत एकदा जरी भरपूर उतार पळून घेतला असेल, त्याला ते बरंच कमी होतं. स्नायू एका धड्यात शिकतो आणि आठवडे लक्षात ठेवतो. लॅक्टिक आम्लामुळे पाय दुखतात हा समज अजून पाय रोवून आहे, पण ते आम्ल तासाभरात निघून गेलेलं असतं.

शर्यत संपल्यावर पदक गळ्यात घालून, मिसळ खाऊन मंडळी दुपारी परत निघतात. पुन्हा सहा-सात तास बसणं, या वेळी फुटक्या स्नायूंनिशी. खालापूरला उतरताना पहिल्यांदा गुडघा वाकत नाही. घोडबंदरला सगळे गप्प असतात. रात्री गोराईच्या कॉलनीत लिफ्ट बंद असेल तर जिने चढून जाता येतं, त्याचं नवल वाटतं, कारण चढणं अजून सोपं असतं.

गावात राहणाऱ्याची परीक्षा सोमवारी सकाळी. कामावर जायला बोट धरायची असते, जेट्टीवर गर्दी असते, आणि नेमकी ओहोटी लागलेली असते. बोट खाली चिखलाच्या रेषेला टेकलेली. पायऱ्या शेवाळलेल्या. घाट चढून आलेला माणूस कठड्याला धरतो, पाठ पाण्याकडे करतो आणि लहान मुलासारखा उलटा, एक एक पायरी चाचपत खाली उतरायला लागतो. मागच्या मासळीवाल्या बाई टोपली डोक्यावरून न हलवता विचारतात, "काय रे बाबा, पडलास कुठे?"